दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंमधील नडगीचे दुखणे : कारणमीमांसा व उपचार
(वसई-विरार परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली आणि २०११ पासून या शहरात मॅरेथॉन स्पर्धा भरू लागली. करोनाच्या साथीमुळे पडलेला खंड वगळता डिसेंबर महिन्यात होणाऱ्या या स्पर्धेने परिसरातील तरुणांमध्ये धावण्याची गोडी निर्माण केली, हे मान्य करावे लागेल. पहाटेच्या अंधारात अर्नाळा, राजोडी, कळंब येथील किनाऱ्यांवर, वसईच्या चिमाजी आप्पा मैदानावर किंवा विरार पश्चिमेच्या सिमेंटच्या रस्त्यांवर धावणारे गट आता कोणाला नवलाचे वाटत नाहीत. या गटांतील सर्वच जण मॅरेथॉनपटू नसतात. त्यांत पोलीस शिपाई भरतीची तयारी करणारे असतात, सैन्यात अग्निवीर होऊ इच्छिणारे असतात, तसेच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत महाविद्यालयाचे प्रतिनिधित्व करणारे विद्यार्थीही असतात. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर व स्त्रियांना ८०० मीटर धावावे लागते. अंतर मोठे नाही. परंतु त्यासाठी केला जाणारा सराव मात्र बहुधा दीर्घ पल्ल्याच्या धावपटूचाच असतो.

या सर्वांमध्ये एक तक्रार समान असते. सराव सुरू होऊन चार-सहा आठवडे झाले की पायाच्या नडगीला आतल्या बाजूने ठणका लागतो. प्रथम तो धावताना जाणवतो, मग धावून झाल्यावरही राहतो आणि पुढे पुढे जिना उतरतानाही त्रास देऊ लागतो. 'पाय भरून आलेत', 'सवय नाही म्हणून दुखते', 'दुखणे धावूनच जाईल' अशी त्याची संभावना केली जाते. वर्गात मागच्या बाकावर पाय लांब करून बसलेला विद्यार्थी पुष्कळदा या दुखण्याचा धनी असतो. प्रस्तुत लेखात या दुखण्याचे स्वरूप, त्यामागील शरीरशास्त्र व त्यावरील उपचार यांचे विवेचन केले आहे. वैद्यकशास्त्राबाहेरील अध्यापकांनाही विषय समजावा, असा प्रयत्न आहे. कारण या दुखण्याचे मूळ जेवढे पायात आहे, तेवढेच ते वेळापत्रकात आहे आणि वेळापत्रक ही अध्यापकांच्या हातातील गोष्ट आहे.

दुखण्याचे स्वरूप व नाव

गुडघा व घोटा यांच्यामधील, पुढून हाताला लागणारे जाड हाड म्हणजे नडगी. तिच्या आतल्या कडेने, साधारणपणे मधल्या व खालच्या तृतीयांश भागात, हे दुखणे पसरलेले असते. इंग्रजीत ते 'शिन स्प्लिंट्स' या नावाने ओळखले जाते. हे नाव लोकप्रिय असले तरी फारसे नेमके नाही; नडगीच्या आसपास काहीही दुखले तरी ते वापरले जात असे. १९६६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने क्रीडा-दुखापतींची परिभाषा ठरवताना या शब्दाला मर्यादा घालण्याचा प्रयत्न केला. पुढे १९८२ साली मुबारक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखनातून 'मेडियल टिबियल स्ट्रेस सिंड्रोम' हे नाव रूढ झाले. मराठीत त्यास 'नडगीच्या आतल्या कडेचे ताणजन्य दुखणे' म्हणता येईल. प्रस्तुत लेखात सोयीसाठी 'नडगीचे दुखणे' असाच उल्लेख केला आहे.

अतिवापरजन्य दुखापतींचा अभ्यास खेळाडूंपासून नव्हे, तर सैनिकांपासून सुरू झाला, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी वैद्याने लांब कूच केल्यानंतर सैनिकांच्या पावलांना येणारी सूज व वेदना यांचे वर्णन केले. त्या वेळी क्ष-किरणांचा शोध लागलेला नव्हता. १८९५ साली तो लागला आणि त्यानंतर दोनच वर्षांत, या 'सुजलेल्या पावलां'त प्रत्यक्षात हाडाला तडा गेलेला असतो, हे उघड झाले. चाळीस वर्षे ज्यास स्नायूंचा शीण समजले गेले, ते हाडाचे दुखणे निघाले. नडगीच्या बाबतीत समजुतीचा प्रवास याहूनही संथ राहिला.

हे दुखणे किती सामान्य आहे, याची कल्पना २००४ साली येट्स व व्हाइट यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून येते. ऑस्ट्रेलियाच्या नौदलातील १२४ नवसैनिकांचे दहा आठवड्यांच्या प्राथमिक प्रशिक्षणात निरीक्षण केले असता सुमारे एक तृतीयांश जणांना नडगीचे दुखणे जडल्याचे आढळून आले. स्त्री-सैनिकांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. तरुण, निरोगी, वैद्यकीय तपासणीतून निवडलेल्या व्यक्तींची ही अवस्था असेल, तर आपल्याकडील भरतीच्या उमेदवारांत ती वेगळी असण्याचे कारण नाही.

हाडाचे वेळापत्रक

नडगीचे दुखणे नेमके कशामुळे होते, याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार पोटरीचे खोल स्नायू हाडावरील पातळ आवरणास वारंवार ओढ देतात व त्या आवरणाचा दाह होतो. हे मत दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत होते. दुसऱ्या मतानुसार दुखणे मुळात हाडाचेच आहे. धावताना जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट बल पायावर येते. नडगीचे हाड सरळ खांबासारखे नसून किंचित बाकदार असते. प्रत्येक पावलागणिक ते अत्यल्प प्रमाणात वाकते आणि त्याचा जो भाग सर्वांत अरुंद, म्हणजे मधल्या व खालच्या तृतीयांशाचा सांधा, तेथे हा ताण अधिक जाणवतो. दुखणेही तेथेच उद्भवते. स्वीडनमधील मॅग्नुसन व सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवून दिले की, दीर्घकाळ हे दुखणे असलेल्या खेळाडूंच्या नडगीत दुखऱ्या जागी हाडाची घनता कमी झालेली असते. २००३ सालच्या त्यांच्या पुढील अभ्यासात, दुखणे बरे झालेल्या खेळाडूंत ही घनता भरून आल्याचे आढळले. आवरणाचा सहभाग पूर्णपणे नाकारता येत नसला तरी आज दुसऱ्या मताचे पारडे जड आहे.

येथे हाडाविषयीचा एक सर्वसाधारण गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हाड म्हणजे दगड नव्हे; ती सतत बदलणारी जिवंत ऊती आहे. जर्मन शल्यविशारद युलियस वुल्फ यांनी १८९२ साली मांडलेल्या नियमानुसार हाडावर जसा भार पडतो, तशी त्याची रचना बदलते. मात्र हा बदल एका विशिष्ट क्रमाने होतो. आधी काही पेशी जुने हाड पोखरून काढतात आणि नंतर दुसऱ्या पेशी त्या पोकळीत नवे हाड भरतात. पोखरण्याचे काम साधारणपणे तीन आठवड्यांत उरकते. भरण्याचे काम मात्र सुमारे तीन महिने चालते. जलवाहिनीसाठी रस्ता खणला जातो तेव्हा चर दोन दिवसांत पडतो आणि डांबर पडायला पावसाळा उलटावा लागतो, हा अनुभव या शहरातील वाचकांना नवा नाही. हाडातही मधल्या काळात वाहतूक चालू ठेवली, किंबहुना वाढवली, तर रस्ता खचणारच.

याउलट हृदय, फुप्फुसे व स्नायू यांची सुधारणा फार लवकर होते. नियमित सरावाच्या दोन-तीन आठवड्यांत दम वाढल्याचे धावपटूस जाणवू लागते. पहिल्या आठवड्यात दोन किलोमीटरला धाप लागणारा मुलगा चौथ्या आठवड्यात पाच किलोमीटर सहज जातो; उत्साहाने तो सहा, आठ किलोमीटर करू लागतो. पाच किलोमीटर धावताना प्रत्येक पाय ढोबळमानाने अडीच हजार वेळा जमिनीवर आपटतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात नडगीचे हाड पोखरले गेलेले, पण भरले न गेलेले असते. नेमक्या त्याच वेळी त्यावरील भार सर्वांत वेगाने वाढत असतो. दुखणे पहिल्या आठवड्यात न येता चौथ्या ते सहाव्या आठवड्यात का येते, याचे उत्तर येथे सापडते. दुखणे आळशी विद्यार्थ्यापेक्षा मेहनती विद्यार्थ्यास अधिक का गाठते, याचेही.

कोणास ते अधिक गाठते, याविषयी बरेच संशोधन झाले आहे. २०१३ साली न्यूमन व सहकाऱ्यांनी पूर्वीच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यातून स्त्रिया, अधिक वजनाच्या व्यक्ती, धावण्याचा अनुभव कमी असलेले नवखे धावपटू, पूर्वी हे दुखणे होऊन गेलेले आणि उभे राहिल्यावर पावलाची कमान अधिक खाली बसणारे, यांना धोका जास्त असल्याचे निष्पन्न झाले. पहिल्या दोन-तीन महिन्यांतील भरतीचा उमेदवार व प्रथम वर्षाचा खेळाडू हे दोघेही 'नवखा' या वर्गात मोडतात.

वसई-विरारची परिस्थिती

या परिसरातील सरावाचे वर्षभराचे चित्र पाहिल्यास वरील शरीरशास्त्राशी ते किती विसंगत आहे, हे ध्यानात येते. जून ते सप्टेंबर या काळात पाऊस धो धो कोसळतो, रस्त्यांवर पाणी साचते, मैदानांचा चिखल होतो आणि बहुतेकांचे धावणे जवळजवळ बंद पडते. पाऊस ओसरल्यावर, नवरात्राच्या सुमारास, सराव सुरू होतो. मध्ये सत्र परीक्षा येतात. दहा-पंधरा दिवस धावणे थांबते आणि परीक्षा संपल्यावर 'भरपाई' म्हणून एकदम पूर्वीच्या किंवा त्याहून अधिक अंतरावर उडी मारली जाते. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात स्पर्धा असते. म्हणजे ज्या कामास हाडाला तीन ते चार महिने लागतात, ते काम आठ-नऊ आठवड्यांत आणि तेही मध्ये खंड पाडून करण्याची अपेक्षा ठेवली जाते.

भरतीच्या उमेदवारांची स्थिती आणखी बिकट आहे. त्यांच्या परीक्षेची तारीख आधी माहीत नसते. २०२४ साली राज्यातील पोलीस भरतीच्या मैदानी चाचण्या जून महिन्यात, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाल्या होत्या. जाहिरात निघाल्यावर किंवा चाचणीचे प्रवेशपत्र हाती आल्यावर सरावास लागणाऱ्या उमेदवारास हाड तयार करण्याइतका अवधी मिळणे जवळजवळ अशक्य असते. शिवाय त्याचे वय वाढत असते. एक भरती हुकली तर पुढची केव्हा निघेल, याची शाश्वती नसते. अशा उमेदवारास 'दोन महिने विश्रांती घे' असे सांगणारा सल्ला शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असला, तरी तो पाळला जाणार नाही, हे सांगणाऱ्याने गृहीत धरले पाहिजे.

धावण्याच्या जागांचाही विचार करावयास हवा. सिमेंटचा रस्ता कठीण असतो म्हणून तो वाईट आणि वाळू मऊ असते म्हणून ती चांगली, असा सरसकट निष्कर्ष काढला जातो. तो अर्धाच खरा आहे. कोरड्या, भुसभुशीत वाळूत टाच खोल रुतते व पोटरीच्या स्नायूंना दुप्पट कष्ट पडल्यासारखे होते. ओहोटीच्या वेळची ओली वाळू टणक असते, पण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एकाच दिशेने धावल्यास एक पाय सतत खालच्या बाजूस राहतो. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून कडेला उतार दिलेल्या रस्त्याच्या एकाच बाजूने रोज धावल्यानेही असेच घडते. विरारच्या जीवदानी गडाच्या पायऱ्या दम वाढवण्यासाठी अनेक जण चढतात. चढणे नडगीस तितकेसे जाचक नाही. धावत उतरणे मात्र जाचक आहे. खरे तर कोणताही एक पृष्ठभाग दोषी नसून एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर अचानक जाणे अधिक घातक ठरते. पादत्राणांबाबतही हेच म्हणता येईल. वर्षभर बूट घालून धावलेल्या उमेदवाराने चाचणीच्या आदल्या पंधरवड्यात वेग वाढतो म्हणून अनवाणी धावू लागणे, हा प्रकार मैदानांवर सर्रास दिसतो व तो टाळण्याजोगा आहे.

निदान

नडगीच्या दुखण्याच्या निदानास महागड्या तपासण्यांची गरज बहुतेक वेळा नसते. विंटर्स व सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवून दिले की, नीट विचारपूस व हाताने केलेली तपासणी यांवरून हे निदान विश्वासार्हपणे करता येते. धावल्याने दुखणे वाढते काय, ते नडगीच्या आतल्या कडेलाच आहे काय, आणि ती कड बोटांनी वरून खाली दाबत गेल्यास किमान पाच सेंटिमीटर, म्हणजे साधारण तीन बोटे रुंदीच्या सलग पट्ट्यात वेदना होते काय, हे पाहावयाचे असते. तिन्हींचे उत्तर होकारार्थी असल्यास हे नडगीचे दुखणे होय.

वेदना पट्ट्यात नसून एका बोटाखाली झाकता येईल अशा एकाच बिंदूवर असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, तर हाडास तडा गेल्याची शंका घ्यावी व धावणे तत्काळ थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. अशा तड्याच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत क्ष-किरण चित्र पुष्कळदा स्वच्छ दिसते. 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर विद्यार्थ्यास पुन्हा मैदानात उतरवणे चुकीचे ठरू शकते. शंका कायम असल्यास एमआरआय तपासणी हाच निर्णायक मार्ग आहे. नडगीच्या अगदी पुढच्या कडेवर, मध्यभागी एकाच जागी दुखत असेल तर अधिकच सावध राहावे; तेथील तडा लवकर सांधत नाही व तो पूर्ण अस्थिभंगापर्यंत जाऊ शकतो.

तिसरा प्रकार क्वचित आढळतो. धावण्यास सुरुवात करून ठरावीक वेळ झाली की पोटरी किंवा नडगीची बाहेरची बाजू दगडासारखी घट्ट होते, पावलास मुंग्या येतात आणि थांबल्यावर काही मिनिटांत सारे पूर्ववत होते. हे स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढल्याचे लक्षण असून त्याचा उपचार वेगळा आहे.

उपचार

बाजारात व घरोघरी उपलब्ध असलेल्या उपायांची यादी मोठी आहे : बाम, गरम तेलाची मालीश, हळदीचा लेप, बर्फ, घट्ट इलॅस्टिकची पट्टी, वेदनाशामक गोळी. बर्फाने तात्पुरता आराम पडतो. मालीशीने पोटरीचे स्नायू सैल होतात. मात्र दुखऱ्या हाडाच्या कडेवरच अंगठ्याने जोर देऊन चोळण्याने लाभ होत नाही, त्रास वाढतो. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे हा या सर्वांत घातक उपाय होय. वेदना ही हाडाने दिलेली सूचना असते. ती बंद केल्याने हाड भरत नाही, फक्त सूचना मिळेनाशी होते.

संशोधनाच्या कसोटीवर या दुखण्याचे बहुतेक उपचार फारसे उतरत नाहीत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. नेदरलँड्समधील मोएन व सहकाऱ्यांनी २०१२ साली ७४ खेळाडूंचे यादृच्छिक पद्धतीने तीन गट केले. एका गटास केवळ टप्प्याटप्प्याने वाढणारा धावण्याचा कार्यक्रम दिला, दुसऱ्यास त्यासोबत पोटरीचे ताण व बलसंवर्धनाचे व्यायाम दिले आणि तिसऱ्यास दाब देणारे मोजे दिले. १८ मिनिटे जोरकसपणे, त्रासाविना धावता येणे हे उद्दिष्ट होते. ते गाठण्यास तिन्ही गटांना सरासरी सुमारे १०० ते १२० दिवस लागले व गटागटांत लक्षणीय फरक आढळला नाही. वरवर पाहता हा निष्कर्ष निराशाजनक वाटतो. परंतु हाड भरण्यास लागणाऱ्या तीन-चार महिन्यांशी हा आकडा किती जवळून जुळतो, हे लक्षात घेतल्यास त्याचा अर्थ बदलतो. मोजे किंवा व्यायाम हाडाचे घड्याळ पुढे ढकलू शकले नाहीत; तिन्ही गटांत समान असलेला क्रमशः वाढणारा भार व वेळ, एवढेच कामास आले असावे. अभिघात-तरंग उपचाराने हा काळ घटतो, असे काही अभ्यास सुचवतात. पण त्यांची रचना तितकीशी काटेकोर नाही आणि सामान्य विद्यार्थ्यास तो खर्च परवडणाराही नाही.

तेव्हा उपचार म्हणजे पूर्ण विश्रांती नव्हे. हाडास भार हवाच असतो. तो पेलेल एवढाच हवा असतो. व्यवहारात पुढीलप्रमाणे क्रम ठेवता येतो. प्रथम चालताना व जिना चढता-उतरताना वेदना होणार नाही, येथवर धावणे थांबवावे. यास एक ते तीन आठवडे लागू शकतात. या काळात सायकल चालवून किंवा पोहून दम टिकवता येतो, त्यामुळे सर्व मेहनत वाया गेल्याची उमेदवाराची भीतीही कमी होते. अर्धा तास भरभर चालणे वेदनारहित झाल्यावर एक मिनिट संथ धावणे व चार मिनिटे चालणे, असे पाच-सहा फेरे, एक दिवस आड करावेत. धावताना होणारी वेदना दहापैकी दोनच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती उरू नये. या दोन अटी पाळल्या गेल्या तरच पुढील आठवड्यात धावण्याचे मिनिट वाढवावे. आधी वेळ वाढवावी, मग वेग. दोन्ही एकाच आठवड्यात कधीही वाढवू नयेत. सोबत पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा उचलण्याचा व्यायाम, गुडघा सरळ ठेवून व किंचित वाकवूनही, करावा. मोएन यांच्या अभ्यासात त्याने बरे होण्याचा काळ घटला नसला तरी बळकट पोटरी हाडावरील वाकवणारा ताण कमी करते, या तर्काने तो पुढील दुखापत टाळण्यासाठी योग्य ठरतो. पावले थोडी आखूड व जलद टाकल्यानेही प्रत्येक पावलाचा आघात घटतो.

आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक अंतर वाढवू नये, हा नियम धावपटूंत प्रसिद्ध आहे. त्याची परीक्षा बाउस्ट व सहकाऱ्यांनी २००८ साली ५३२ नवख्या धावपटूंवर घेतली. १३ आठवड्यांच्या दहा टक्के वाढीच्या कार्यक्रमात व ८ आठवड्यांच्या नेहमीच्या कार्यक्रमात दुखापतीचे प्रमाण जवळजवळ सारखेच, सुमारे पाचातील एक, राहिले. म्हणजे दहा या आकड्यात जादू नाही. आठवड्याचा आकडा पाळूनही पायाच कच्चा असेल तर इमारत डळमळतेच. वर्षभर थोडे का होईना धावत राहणे, हा या संशोधनातून निघणारा व्यावहारिक धडा मानता येईल.

आहार व विद्यार्थिनींचा प्रश्न

हाड भरायचे तर त्यास सामग्री हवी. लॅपे व सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकन नौदलातील पाच हजारांहून अधिक स्त्री-प्रशिक्षणार्थींपैकी ज्यांना कॅल्शियम व ड जीवनसत्त्व दिले, त्यांच्यात हाडास तडे जाण्याचे प्रमाण २० टक्क्यांनी कमी आढळले. ड जीवनसत्त्व सूर्यप्रकाशात तयार होते. परंतु पहाटे अंधारात धावणारा, मग विरार लोकल पकडणारा किंवा दिवसभर वर्गात व संध्याकाळी शिकवणीत बसणारा विद्यार्थी उन्हात येतो केव्हा, हा प्रश्नच आहे. कॅल्शियमसाठी महाग पूरकांची गरज नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. किनारपट्टीच्या घरांत काट्यांसह खाल्ली जाणारी लहान सुकी मासळीही त्याचा उत्तम स्रोत आहे.

विद्यार्थिनींच्या बाबतीत याहून गंभीर बाब दुर्लक्षित राहते. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार कमी पडला की मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, इस्ट्रोजेन घटते आणि हाड भरण्याची क्रियाच मंदावते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेस 'रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट' असे नाव दिले व ती पुरुषांतही उद्भवू शकते, हे स्पष्ट केले. नवरात्राचे नऊ दिवसांचे उपवास सरावाचा भार वाढत असतानाच येतात, हे येथे लक्षात घ्यावे. उपवास करावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण त्या नऊ दिवसांत अंतर वाढवू नये, एवढे सुचवण्यास हरकत नसावी. धावणाऱ्या विद्यार्थिनीची नडगी पुन्हा पुन्हा दुखत असेल तर तिच्या पाळीविषयी विचारपूस होणे आवश्यक आहे. हे काम पुरुष क्रीडाशिक्षकाकडून संकोचामुळे होत नाही. महिला विकास कक्षातील अध्यापिकांनी ते आपले मानावे.

महाविद्यालयाची भूमिका

एकाच विद्यार्थ्यावर महाविद्यालयात अनेक बाजूंनी भार पडत असतो आणि प्रत्येक विभाग केवळ आपला भार मोजतो. क्रीडा विभागास त्याचे किलोमीटर ठाऊक असतात. राष्ट्रीय छात्रसेनेचे अधिकारी त्याची कवायत पाहतात. सिमेंटच्या अंगणात टाच आपटून केलेली तासभराची कवायत नडगीच्या दृष्टीने धावण्याहून फार वेगळी नसते. संध्याकाळी तो भरतीच्या खासगी अकादमीत जातो, याची माहिती दोघांनाही नसते. या तिन्हींची बेरीज कोणीच करत नाही. ती फक्त त्याच्या नडगीत होते. प्रत्येक धावपटूने आठवड्याचे धावणे, कवायत व अकादमीतील सराव एकाच वहीत लिहावा आणि ती वही क्रीडा विभागाने दर शनिवारी पाहावी, ही व्यवस्था खर्चाची नाही. तीत सकाळच्या वेदनेचा दहापैकी आकडाही लिहिला गेला, तर तडा जाण्याआधीचे दोन-तीन आठवडे हाती लागू शकतात.

दुखणे लपवले जाते, हे या व्यवस्थेपुढील खरे आव्हान आहे. संघातून नाव कमी होईल, क्रीडा गुण जातील, अकादमीत भरलेले पैसे बुडतील, या भीतीने विद्यार्थी गोळी घेऊन धावतो. दुखणे सांगणाऱ्याचे संघातील स्थान त्या सत्रापुरते राखून ठेवले जाईल, असा निर्णय क्रीडा समितीने लेखी घेतल्यास ही भीती बऱ्याच अंशी कमी होईल.

वेळापत्रकाबाबत हिशोब सोपा आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातील स्पर्धेपासून सोळा आठवडे मागे गेल्यास ऑगस्टचा तिसरा आठवडा येतो. तेव्हा पाऊस असतो, मैदान मिळत नाही. पण सभागृहात दोरीवरच्या उड्या, जिन्यावर टाचा उचलणे आणि पाऊस उघडला की पंधरा-वीस मिनिटांचे चालणे-धावणे एवढे तेव्हा सहज करता येते. हाडास सुरुवातीला तेवढेच पुरेसे असते. सत्र परीक्षेच्या काळात सराव पूर्ण न थांबवता आठवड्यातून दोन वेळा वीस मिनिटे धावण्याची मुभा ठेवावी व परीक्षेनंतरचा पहिला आठवडा परीक्षेपूर्वीच्या अर्ध्या अंतराने सुरू करावा. भरतीच्या उमेदवारांसाठी तर तारखेची वाटच पाहू नये. जाहिरात असो वा नसो, आठवड्यातून तीन दिवसांचा हा किमान सराव प्रथम वर्षाच्या पहिल्या सत्रापासून चालू ठेवता येतो आणि त्यासाठी पहाटे सहाला महाविद्यालयाचे फाटक उघडे असणे, एवढीच पूर्वअट आहे.